द्रवस्फटिकांतून प्रभार कसा वाहतो आणि तो कसा मोजायचा: ओएलईडीकडे वळणाऱ्या नवख्यांसाठी

ओएलईडीसाठी, म्हणजे वीज दिल्यावर उजळणाऱ्या सेंद्रिय डायोडसाठी, द्रवस्फटिक, म्हणजे लिक्विड क्रिस्टल, वापरण्याबद्दलचं वाचन सुरू केलं की एक आकडा सतत समोर येतो: गतिशीलता, म्हणजेच मोबिलिटी. अमक्या पदार्थाची ०.००१, तमक्याची ०.१. नवखा माणूस हे आकडे एका तक्त्यात भरतो आणि सर्वांत मोठा आकडा असलेला पदार्थ निवडतो. इथेच वाट चुकते. एकाच बाटलीतल्या पदार्थाची गतिशीलता प्रावस्थेनुसार (फेजनुसार), दिशेनुसार आणि शुद्धतेनुसार शेकडो पटींनी बदलू शकते. त्यामुळे कोणताही आकडा वाचताना चार प्रश्न विचारायचे. कोणत्या प्रावस्थेत मोजला? रेणूंची मांडणी कोणत्या दिशेने होती? वाहक होल (इलेक्ट्रॉनची रिकामी, धन प्रभारासारखी वागणारी जागा) होते की इलेक्ट्रॉन? आणि नमुना किती शुद्ध होता? ही उत्तरं नसतील तर तो आकडा बाजूला ठेवलेलाच बरा.

नमुना हातात आल्यापासून या चारही प्रश्नांची उत्तरं देणारा आकडा मिळेपर्यंत काय करायचं, आणि मग तो पदार्थ उपकरणात कसा उतरवायचा, ते इथे क्रमाने मांडलं आहे. पदवी पातळीचं भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र झालेलं आहे, असं धरलं आहे.

आधी हिशेब: ओएलईडीला गतिशीलता लागते तरी किती?

एकक विद्युतक्षेत्रात प्रभारवाहकाला जो सरासरी वेग मिळतो ती गतिशीलता. तिचं एकक चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद. दर वेळी ते लिहिलं तर वाक्यं जड होतील, म्हणून पुढे नुसते आकडे आहेत.

१९८७ मध्ये टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी जो दुपदरी सेंद्रिय दिवा जगापुढे ठेवला, त्यात डायअमाइनचा थर सुमारे ७५ नॅनोमीटर आणि ॲल्युमिनियम क्विनोलेटचा सुमारे ६० नॅनोमीटर जाड होता. तो १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर उजळला. ॲल्युमिनियम क्विनोलेटमध्ये इलेक्ट्रॉनची गतिशीलता फारच कमी असते, ०.०००००१ ते ०.००००१ या टापूत. तरीही दिवा चालला, कारण थर पातळ होते.

हे आकड्यांत पाहू. एकाच जातीच्या वाहकांचा, सापळे (वाहक अडकण्याच्या जागा) नसलेला, अवकाशप्रभाराने (थरात साठलेल्या स्पेस चार्जने) मर्यादित झालेला प्रवाह मॉट-गर्नी सूत्राने मिळतो: प्रवाहघनता = ९/८ × परमिटिव्हिटी × गतिशीलता × व्होल्टेजचा वर्ग ÷ जाडीचा घन. डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३, जाडी १०० नॅनोमीटर, दाब ५ व्होल्ट आणि गतिशीलता ०.०००००१ धरली, तर उत्तर येतं दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७.५ मिलिॲम्पिअर. एवढ्यात डिस्प्लेचं काम भागतं. मग ०.००१ गतिशीलतेच्या द्रवस्फटिकामागे धावायचं कशाला?

सूत्रातल्या जाडीच्या घनाकडे पाहा. गतिशीलता हजारपट वाढली, तर तोच प्रवाह त्याच दाबावर दहापट जाड थरातून मिळतो, म्हणजे १०० नॅनोमीटरऐवजी १ मायक्रोमीटर. १०० नॅनोमीटरच्या थरात धुळीचा एखादा कण किंवा आयटीओवरचा (काचेवरच्या पारदर्शक विद्युतवाहक थरावरचा) एखादा उंचवटाही शॉर्टसर्किटला पुरतो. मायक्रोमीटरभर जाडीत असे दोष पचून जातात, द्रावणातून थर देणं सोपं होतं आणि मोठ्या क्षेत्रफळाचा दिवा आवाक्यात येतो. द्रवस्फटिकांचं खरं आकर्षण मला इथे वाटतं. सर्वोच्च आकड्याच्या शर्यतीपेक्षा हा फायदा कितीतरी मोलाचा आहे.

पायरी १: काडी की चकती, ते ठरवा

द्रवस्फटिकांचे दोन मोठे गट या कामात येतात. पहिल्या गटातले रेणू लांबट असतात: मध्ये बेंझीन, थायोफीन, नॅफ्थलीन अशा कड्यांचा कडक गाभा, टोकांना लवचिक अल्किल शेपट्या. ते नेमॅटिक प्रावस्थेत नुसते एका दिशेने झुकलेले असतात आणि स्मेक्टिक प्रावस्थेत थर करून बसतात. दुसऱ्या गटातले रेणू चकतीसारखे असतात आणि एकावर एक रचले जाऊन स्तंभ तयार करतात. चकत्यांच्या या प्रावस्थेचा शोध १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी लावला. त्यांचे रेणू बेंझीनच्या गाभ्याभोवती सहा एस्टर शेपट्या असलेले होते.

दोन्ही गटांत प्रभार एका गाभ्यावरून शेजारच्या गाभ्यावर उडी मारत जातो. शेपट्या विद्युतदृष्ट्या निरोधक असतात. हे एवढं लक्षात ठेवलं की दिशेचं सगळं गणित सुटतं. स्मेक्टिकमध्ये प्रभार थराच्या पातळीत धावतो आणि एका थरातून दुसऱ्या थरात जाताना शेपट्यांच्या भिंतीला अडतो. स्तंभांमध्ये तो स्तंभाच्या अक्षावरून धावतो आणि शेजारच्या स्तंभात सहजी शिरत नाही. ट्रायफेनिलीनच्या स्तंभात लगतच्या चकत्यांमधलं अंतर सुमारे ०.३५ नॅनोमीटर असतं, तर दोन स्तंभांच्या मध्यांमधलं अंतर २ नॅनोमीटरच्या आसपास. उडीची शक्यता अंतराबरोबर घातांकी वेगाने घटत असल्याने या दोन दिशांची तुलनाच होत नाही.

ओळखीसाठी काही आकडे. १९९४ मध्ये हेक्साहेक्सिलथायोट्रायफेनिलीनच्या हेलिकल स्तंभ प्रावस्थेत होलची गतिशीलता ०.१ च्या घरात मोजली गेली. मऊ पदार्थात इतका मोठा आकडा तोवर कुणी पाहिला नव्हता. काडीसारख्या रेणूंत फुनाहाशी आणि हाना या जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये फेनिलबेंझोथायाझोलच्या एका संयुगात स्मेक्टिक ए प्रावस्थेत ०.००५ मिळवला. त्यानंतर फेनिलनॅफ्थलीनच्या ८-पीएनपी-ओ१२ या संयुगात स्मेक्टिक ए मध्ये ०.०००२५ आणि स्मेक्टिक बी मध्ये ०.००१६ असे आकडे आले. होल आणि इलेक्ट्रॉन दोघांचेही जवळजवळ सारखेच. स्मेक्टिक ए मध्ये थराच्या आत रेणू द्रवासारखे विखुरलेले असतात, बी मध्ये षटकोनी जाळीवर बसतात आणि ई मध्ये त्याहून घट्ट. ठोकताळा असा की ए, बी, ई असं जाताना गतिशीलता दर टप्प्याला साधारण दहापट चढते.

नवख्याने सुरुवात ८-पीएनपी-ओ१२ सारख्या, भरपूर अभ्यासलेल्या स्मेक्टिकपासून करावी, असं माझं मत आहे. तुमची मापनयंत्रणा नीट आहे की नाही ते कळायला अपेक्षित उत्तर माहीत असलेला पदार्थ हवा. स्वतः घडवलेला नवा रेणू पहिल्याच दिवशी मोजायला घेतला, तर दोष यंत्रणेत आहे की रेणूत, याचा पत्ता लागत नाही.

पायरी २: प्रावस्थांचा नकाशा

यासाठी तीन साधनं: उष्णमंचासह ध्रुवण सूक्ष्मदर्शक, डीएससी (संक्रमणात शोषली किंवा सोडली जाणारी उष्णता मोजणारं कॅलरीमापक) आणि क्ष-किरण विवर्तन. डीएससीवर तापवताना आणि थंड करताना, दोन्ही वेळा संक्रमणांची तापमानं टिपा. स्फटिकीभवन बरंच खाली ओढलं जातं, म्हणून थंड करतानाचा नकाशा वेगळाच असतो, आणि तुमचं मोजमाप बहुधा थंड करतानाच होणार आहे. सूक्ष्मदर्शकाखाली नेमॅटिकमध्ये काळे ब्रश दिसतात, स्मेक्टिक ए मध्ये पंख्याच्या आकाराचे पट्टे.

एक फसवी जागा आहे. रेणू काचेला अगदी लंब उभे असतील किंवा चकत्या काचेवर सपाट बसल्या असतील, तर आडव्या-उभ्या ध्रुवकांमध्ये सगळं काळं दिसतं, अगदी समदिश द्रवासारखं. वरची काच पिनेने हलकेच दाबा. प्रकाश चमकून गेला तर तो द्रवस्फटिकच आहे, फक्त उभा.

क्ष-किरणांनी स्मेक्टिक थरांमधलं किंवा स्तंभांमधलं अंतर मिळतं. ही पायरी उरकण्यासारखी वाटते, पण गतिशीलतेच्या आलेखात दिसणाऱ्या प्रत्येक उडीचं स्पष्टीकरण याच नकाशात सापडतं.

पायरी ३: शुद्धीकरण, आणि त्यात घाई नको

इथे थोडं थांबू, कारण या क्षेत्रातली बहुतेक फसलेली मोजमापं याच पायरीवर फसतात. द्रवस्फटिकांत वीज आयनांमुळेच वाहते, असा समज कित्येक दशकं होता. त्याचं कारण पदार्थाच्या स्वभावात कमी आणि त्यातल्या मळात जास्त होतं.

मळ दोन प्रकारे नडतो. पहिला प्रकार म्हणजे उथळ सापळा. मळाच्या रेणूची ऊर्जापातळी अशी असते की वाहक तिथे घटकाभर अडकतो आणि उष्णतेने सुटून पुढे जातो. अशा वेळी मोजलेली गतिशीलता = मूळ गतिशीलता ÷ (१ + मळाचं प्रमाण × ई चा घात (सापळ्याची खोली ÷ औष्णिक ऊर्जा)). एक उदाहरण सोडवून पाहा. प्रमाण दहा लाखांत एक, तापमान ७५ अंश सेल्सिअस, म्हणजे औष्णिक ऊर्जा ०.०३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सापळा ०.३६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खोल असेल, तर गतिशीलता जेमतेम १४ टक्क्यांनी कमी होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तोच सापळा ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खोल असेल, तर ती सुमारे १८ पट घटते. दहा लाखांत एक रेणू! रसायनशास्त्रात ९९.९ टक्के शुद्ध म्हणून मिरवणाऱ्या नमुन्यात मळ याच्या हजारपट असतो.

दुसरा प्रकार द्रवस्फटिकांचा खास. सापळा खोल असेल, तर घन पदार्थात वाहक तिथेच बसून राहतो. पण इथे पदार्थ प्रवाही आहे. वाहक ज्या रेणूवर अडकला तो रेणू आता आयन झाला आणि तो स्वतःच विद्युतक्षेत्रात सरकू लागतो. ऑसिलोस्कोपवर प्रवाह दिसतो, प्रवासकालही मिळतो, पण तो आयनाचा असतो: गतिशीलता ०.०००००१ ते ०.००००१ च्या टापूत. इलेक्ट्रॉन या बाबतीत विशेष नाजूक असतात, कारण ऑक्सिजन आणि संश्लेषणातले ऑक्सिडीकृत उपपदार्थ त्यांना सहज धरून ठेवतात. होलचा छान वेगवान सिग्नल आणि इलेक्ट्रॉनचा मंद सिग्नल मिळाला की ‘हा पदार्थ फक्त होल वाहतो’ असं लिहून मोकळे होऊ नका. आधी आणखी एकदा शुद्ध करा.

करायचं काय, तर सिलिका जेलवर स्तंभ वर्णलेखन, मग वेगवेगळ्या द्रावकांतून पुनःस्फटिकीकरण, आणि रेणू तापमान सोसत असेल तर निर्वात ऊर्ध्वपातन. पॅलॅडियम उत्प्रेरक वापरून गाभे जोडले असतील, तर धातूचे अवशेष काढायला वेगळी प्रक्रिया लागते. प्रत्येक फेरीनंतर सेल भरून सिग्नल पाहा. शुद्धता पुरेशी झाल्याची माझ्या मते सर्वांत विश्वासू खूण एकच: आणखी एक फेरी केल्यावरही गतिशीलता आणि सिग्नलचा आकार बदलत नाही.

पायरी ४: सेल आणि मांडणी

सेल म्हणजे आयटीओचा थर दिलेल्या दोन काचा, मध्ये ठरावीक व्यासाचे स्पेसर मणी, कडेला गोंद. फोटोप्रवाहाच्या मोजमापाला १० ते २० मायक्रोमीटर अंतर सोयीचं.

रिकाम्या सेलची जाडी आधी मोजा. मण्यांच्या डबीवरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. सेलमधून जाणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटात व्यतिकरणाच्या लाटा दिसतात. हवेच्या १५ मायक्रोमीटर फटीत ६०० नॅनोमीटरपाशी लागोपाठच्या दोन शिखरांमध्ये सुमारे १२ नॅनोमीटर अंतर पडतं. अनेक शिखरं मोजून सरासरी काढा. जाडीचा वर्ग सूत्रात येतो, त्यामुळे जाडीतली ५ टक्के चूक उत्तरात १० टक्के होऊन बसते.

पदार्थ समदिश अवस्थेपर्यंत तापवून सेलच्या कडेला ठेवला की केशाकर्षणाने आत ओढला जातो. मग संक्रमणाच्या तापमानाभोवती अगदी सावकाश थंड करा, मिनिटाला १ अंश किंवा त्याहून हळू.

मांडणीचा नियम पायरी १ मधून थेट येतो. सेलमध्ये प्रभाराला एका काचेकडून दुसरीकडे जायचं आहे. म्हणून काडीसारखे रेणू काचेला समांतर आडवे हवेत. तेव्हा स्मेक्टिक थर काचेला लंब उभे राहतात आणि प्रभाराला एका थरातूनच पलीकडे जाता येतं. रेणू उभे राहिले तर थर आडवे होतात आणि प्रत्येक थराशेवटी शेपट्यांची भिंत लागते. चकत्यांचं उलट. त्या काचेवर सपाट बसल्या तर स्तंभ उभे राहतात आणि प्रभाराला सरळ मार्ग मिळतो. आडवे स्तंभ ट्रान्झिस्टरला बरे, सेलला आणि ओएलईडीला नाहीत.

या नियमात एक सुंदर योग लपला आहे. ओएलईडीतून प्रकाश जास्तीत जास्त बाहेर यायचा, तर उत्सर्जक रेणूचा संक्रमण-द्विध्रुव थराच्या पातळीत आडवा हवा. काडीसारख्या रेणूत तो बहुधा लांबीच्या दिशेने असतो, चकतीत चकतीच्या पातळीत. म्हणजे आडवी काडी आणि सपाट चकती या मांडण्या प्रभारालाही अनुकूल आणि प्रकाशालाही. निसर्ग अशी सवलत क्वचित देतो, ती सोडू नका.

स्मेक्टिक सेलमध्ये बहुतेक वेळा अनेक लहान क्षेत्रं तयार होतात, प्रत्येकात रेणू आडवेच पण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. नवख्यांना ते पाहून धास्ती वाटते. स्मेक्टिक ए सारख्या प्रवाही प्रावस्थांत या सीमा बहुस्फटिकी पदार्थातल्या कणसीमांइतक्या घातक नसतात. रेणू हलके सरकून जुळवून घेतात आणि खोल सापळे तयार होत नाहीत. नमुना स्फटिकला मात्र की त्याच सीमांवर फटी पडतात आणि सिग्नल नाहीसा होतो.

पायरी ५: प्रवासकालाचं मोजमाप

या पद्धतीला सगळे टाइम ऑफ फ्लाइट म्हणतात. सेलवर स्थिर दाब द्यायचा, एका काचेतून लेसरचा अतिशय लहान स्पंद टाकायचा, आणि त्या काचेजवळ तयार झालेला प्रभारांचा पातळ पडदा पलीकडे पोचायला किती वेळ घेतो ते पाहायचं. ३३७ नॅनोमीटरचा नायट्रोजन लेसर यासाठी वर्षानुवर्षं वापरात आहे. पदार्थाने हा प्रकाश पहिल्या मायक्रोमीटरभरातच शोषून घ्यायला हवा. प्रकाश आत खोलवर शिरला तर प्रभार कुठून निघाले तेच सांगता येणार नाही. प्रकाश पडणारा इलेक्ट्रोड धन ठेवला तर होल प्रवास करतात, ऋण ठेवला तर इलेक्ट्रॉन. दाबाची दिशा उलटवून दोघांचंही मोजमाप त्याच सेलमध्ये होतं, ही या पद्धतीची मोठी खुबी.

सूत्र साधं: गतिशीलता = जाडीचा वर्ग ÷ (व्होल्टेज × प्रवासकाल). समजा जाडी १५ मायक्रोमीटर, दाब १५० व्होल्ट आणि प्रवाहाचा आलेख १५ मायक्रोसेकंदांना खाली वळला. उत्तर येतं ०.००१.

सूत्र साधं असलं तरी तीन पथ्यं पाळावी लागतात. पहिलं, सर्किटचा स्वतःचा वेळ. ४ मिलिमीटर बाजूच्या चौरस इलेक्ट्रोडचा १५ मायक्रोमीटर सेल सुमारे २८ पिकोफॅरड धारकतेचा असतो. त्यात मीटरभर कोॲक्सियल केबलचे साधारण १०० पिकोफॅरड मिळवा. १० किलोओहमचा रोध लावला तर रोध आणि धारकतेचा गुणाकार १.३ मायक्रोसेकंद होतो. प्रवासकाल १५ मायक्रोसेकंद असेल तर हे चालून जातं, २ मायक्रोसेकंद असेल तर तुम्ही सर्किटच मोजत आहात. रोध कमी करा, केबल आखूड करा.

दुसरं, लेसरची तीव्रता. त्याच सेलवर १५० व्होल्टला सुमारे ४ नॅनोकुलोम प्रभार साठलेला असतो. स्पंदाने निर्माण केलेला प्रभार याच्या दहाव्या भागापेक्षा, म्हणजे ०.४ नॅनोकुलोमपेक्षा, कमी हवा. जास्त झाला तर तो स्वतःच विद्युतक्षेत्र वाकवतो. फिल्टर लावून प्रकाश निम्मा करा: सिग्नलची उंची निम्मी व्हावी, वळणाची वेळ तीच राहावी.

तिसरं, स्पंदांमधला काळ. अडकलेले प्रभार मागे राहतात, म्हणून दोन स्पंदांच्या मध्ये सेलची टोकं जोडून त्याला विसावू द्या. एकामागून एक घेतलेले आलेख एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत.

अतिनील लेसर डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करतो. योग्य चष्म्याशिवाय खोलीत जाऊ नका. सेलला हात लावण्याआधी दाब बंद करून टोकं जोडलेली आहेत ना, हे पाहा.

पायरी ६: आलेख काय सांगतो

चांगल्या शुद्ध स्मेक्टिकचा आलेख पाहण्यात एक वेगळंच समाधान असतं: सपाट पठार, मग स्पष्ट वळण, मग झपकन उतार. पठार दिसलं म्हणजे वाहकांचा पडदा एकसंध वेगाने चालला. पठाराऐवजी सतत घसरण दिसली तर वहन विखुरलेलं आहे, प्रत्येक वाहक वेगवेगळ्या सापळ्यांत वेगवेगळा वेळ घालवतो आहे. अशा वेळी शेर आणि माँट्रोल यांनी १९७५ मध्ये दाखवलेल्या रीतीने दोन्ही अक्ष लॉगमध्ये घ्या; दोन सरळ रेषा जिथे छेदतात तो प्रवासकाल. पण विखुरलेल्या वहनात हा काळ जाडीनुसार बदलणारी गतिशीलता देतो, हे निष्कर्षात नमूद करायलाच हवं.

आता खातरजमा. प्रवासकालाचा व्यस्तांक व्होल्टेजसमोर मांडा. सरळ रेषा शून्यातून जात असेल तर गतिशीलता क्षेत्रावर अवलंबून नाही. वेगळ्या जाडीचा दुसरा सेल घ्या. तोच आकडा यायला हवा.

मग सिग्नल आयनाचा की इलेक्ट्रॉनिक, हा मुख्य निवाडा. आयनाची गतिशीलता पदार्थाच्या चिकटपणाशी बांधलेली असते, म्हणून तापमान वाढलं की ती भराभर वाढते. स्मेक्टिकमधलं इलेक्ट्रॉनिक वहन खोलीच्या तापमानावर आणि त्याहून वर तापमानाला फारसं जुमानत नाही. प्रावस्था बदलताना दोघांचं वागणं उलट: थंड होऊन ए मधून बी मध्ये गेल्यावर आयन मंदावतात, इलेक्ट्रॉनिक वाहक वेगावतात, कारण गाभे जवळ आले. आणखी एक चाचणी पातळ करण्याची आहे. थोडं निष्क्रिय हायड्रोकार्बन मिसळलं तर गाभे दूर जाऊन इलेक्ट्रॉनिक गतिशीलता घटते. चिकटपणा उतरल्याने आयनाची मात्र वाढते. कधी एकाच आलेखात दोन वळणं मिळतात, आधी इलेक्ट्रॉनिक आणि खूप उशिरा आयनाचं. म्हणून ऑसिलोस्कोपचा वेळेचा पट्टा एकदा तरी मायक्रोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंत ताणून पाहा. उशिराचं वळण अरुंद पट्ट्यात नजरेतून सुटलेलं असू शकतं.

क्षेत्र आणि तापमान यांना न जुमानण्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अस्फटिकी सेंद्रिय थरात प्रत्येक रेणूची ऊर्जापातळी थोडी वेगळी असते, आणि बेस्लर यांच्या गाउसियन अव्यवस्था प्रतिमानात हा फैलाव साधारण ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतो. स्मेक्टिकमध्ये तो ०.०४ ते ०.०६ इतकाच भरतो. त्या प्रतिमानानुसार गतिशीलतेला ((२ × फैलाव) ÷ (३ × औष्णिक ऊर्जा)) याच्या वर्गाचा ऋण घातांक लागतो. फैलाव ०.१ वरून ०.०५ वर आला, तर खोलीच्या तापमानाला एवढ्या एका कारणाने गतिशीलता सुमारे १५० पट वाढते. रेणू द्रवासारखे हलत असूनही प्रभार सुरळीत वाहतो, यामागे हा आकडा आहे.

पायरी ७: सेलमधून दिव्याकडे

सेलमध्ये १५ मायक्रोमीटर होते, दिव्यात १०० नॅनोमीटर ते फार तर १ मायक्रोमीटर. मोजलेला आकडा जसाच्या तसा तिथे लागू पडेल असं गृहीत धरू नका, कारण पातळ थरात पृष्ठभाग मांडणी ठरवतो. त्या जाडीला अवकाशप्रभाराच्या प्रवाहाची पद्धत वापरा: फक्त होल किंवा फक्त इलेक्ट्रॉन शिरतील असे इलेक्ट्रोड निवडून प्रवाह आणि व्होल्टेज मोजा. प्रवाह व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो का, आणि जाडीच्या घनाने घटतो का, हे दोन्ही तपासा. दुसरी तपासणी न करता सूत्रात आकडे घालणं सर्रास चालतं, आणि मग इलेक्ट्रोडचा अडथळा पदार्थाच्या नावावर खपतो. ट्रान्झिस्टरमधून काढलेली गतिशीलता तर दिव्यासाठी वापरूच नका. ती थराच्या पातळीतली असते, दिव्यात प्रभार आरपार जातो.

प्रवाही थरावर धातूचा इलेक्ट्रोड बाष्पीभवनाने चढवायला गेलात तर तो सुरकुततो, आणि थर तापला की थेंब थेंब होऊन गोळा होतो. यावर दोन उपाय रूढ आहेत. एक, मांडणी कायम ठेवून काचेसारखा गोठणारा द्रवस्फटिक. दुसरा, टोकाला बहुलकीभवन होणारे गट असलेले रेणू: आधी प्रवाही अवस्थेत नीट रांगेत बसवायचे, मग अतिनील प्रकाशाने जागच्या जागी जखडायचे. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठातल्या केली आणि ओनील यांच्या गटाने यासाठी डाइन गट वापरून दाखवले. त्यांना वेगळा प्रकाशप्रारंभक लागत नाही, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण मागे राहिलेला प्रारंभक म्हणजे आपणच घातलेला सापळा. पायरी ३ मधला १८ पटींचा हिशेब इथे पुन्हा करून पाहावा.

मांडणीमुळे प्रत्यक्ष काय फरक पडतो याचा चांगला दाखला पॉलिफ्लुओरीन देतं. त्याच्या सामान्य थरात होलची गतिशीलता ०.०००३ ते ०.०००४ मिळाली होती. १९९९ मध्ये नेमॅटिक अवस्थेत साखळ्या एका दिशेने आडव्या लावून गोठवल्यावर ती ०.००८५ झाली. रेणू तोच, फक्त रांगेत बसला. अशा थरातून ध्रुवित प्रकाशही निघतो.

रांगेत बसवायला घासलेलं पॉलिइमाइड हा डिस्प्लेमधला जुना उपाय, पण ते निरोधक असल्याने होलची वाट अडवतं. दिव्यासाठी मांडणीचा थर स्वतः होल वाहणारा किंवा अगदी पातळ हवा. घासलेला पीडॉट-पीएसएस (होल वाहणारा बहुलक) किंवा होलवाहक मिसळलेला प्रकाशसंवेदी थर, हे त्यातले पर्याय.

ऊर्जापातळ्यांचं जुळवणं इतर ओएलईडीसारखंच आहे. आयटीओचं कार्यफलन ४.७ ते ४.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, पीडॉट-पीएसएसचं ५.१ च्या पुढे. तुमच्या रेणूची होलपातळी चक्रीय व्होल्टमितीने काढा आणि मध्ये किती उंच पायरी राहते ते पाहा.

शेवटी प्रकाश. गाभे एकमेकांवर सपाट रचले की प्रभार धावतो, पण अनेक रेणूंत त्याच रचनेमुळे प्रतिदीप्ती मावळते. म्हणून एकाच रेणूकडून दोन्ही कामांची अपेक्षा करण्यापेक्षा द्रवस्फटिकाला वाहक किंवा यजमान ठेवावं आणि प्रकाश देणारा रेणू त्यात थोड्या प्रमाणात मिसळावा. त्याचे तोटेही माहीत असू द्या: हा पाहुणा रेणू वाहकांना धरतो, म्हणजे गतिशीलता घटणारच. प्रमाण एक टक्क्यापासून वाढवत जाऊन दर टप्प्याला गतिशीलता आणि प्रतिदीप्तीची क्वांटम कार्यक्षमता, दोन्ही मोजा. होल आणि इलेक्ट्रॉन यांचा समतोल ढळला की पुनर्मीलन धातूच्या इलेक्ट्रोडला चिकटून होतं आणि तिथे प्रकाश विझतो. दोन्ही वाहक सारख्या वेगाने नेणारा स्मेक्टिक म्हणूनच होलच्या विक्रमी आकड्यापेक्षा मला जास्त उपयोगाचा वाटतो. पहिला दिवा उजळला की व्होल्टेज-प्रवाह आलेखाबरोबर त्याच थराचं ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र, जाडी, मोजतानाचं तापमान आणि शुद्धीकरणाची शेवटची फेरी एकाच पानावर लिहून ठेवा. चार महिन्यांनी दुसऱ्या नमुन्याशी तुलना करायची वेळ येईल तेव्हा नुसता आकडा पुरणार नाही.